बुकित केलमचं रोप पुण्यात

बोर्निओ बेटावरच्या डोंगरओढ्यांत पाणी ओसरलं की खडकांवर एक बुटकं, काळपट पानांचं झाड उघडं पडतं. त्याचं नाव बुसेफॅलँड्रा. अळू, सुरण आणि शेवळं ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे झाड, पण बहुतेक जातींची उंची वीतभराच्या आत. कांड खडकाला धरून आडवं सरकतं, मुळं दगडाच्या खाचांत रुततात. पूर आला की सगळं झाड पाण्याखाली जातं, ओसरला की पुन्हा हवेत येतं. बोर्निओखेरीज जगात ते कुठेही आपणहून उगवत नाही. काचेच्या पेट्यांत मात्र ते आता टोकियोपासून पुण्यापर्यंत सगळीकडे आहे.

त्यातल्या पुण्याच्या काही पेट्या माझ्या मुलाच्या आहेत. तो ही रोपं वाढवतो, फुटवे काढतो आणि मत्स्यालयं सजवणाऱ्यांना विकतो. माझी धाकटी बहीण सिंधुदुर्गात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाली, पण पावसाळा लागला की अजूनही ओहोळ तुडवत हिंडते. मावशी-भाच्याचं एरवी छान जमतं. या झाडावरून मात्र दोघांचं पटत नाही, आणि मला दोघांचंही म्हणणं महत्त्वाचं वाटतं, म्हणून ते जसं झालं तसं इथे देते.

भाचा : मावशी, आधी हे पान बघ. वरून काळं वाटतं ना? आता टॉर्च तिरका धर. निळं दिसलं? आणि हे बारीक पांढरे ठिपके? नवं पान तांबूस येतं, मग हळूहळू असं गडद होतं.

मावशी : सुंदर आहे, त्यात वादच नाही. पण हा रंग जागेचा आहे, हे लक्षात ठेव. दाट पावसाळी जंगलात वरच्या उजेडातला शेकडा एक-दोन भागच जमिनीपर्यंत पोचतो. अशा सावलीतल्या पुष्कळ झाडांच्या पानांत अँथोसायनिन हे तांबडं-जांभळं रंगद्रव्य असतं. हिरव्यात ते मिसळलं की पान काळपट दिसतं. निळी झाक वेगळी. ती रंगद्रव्याची नसते, पानातल्या अतिसूक्ष्म रचनेवरून उजेड परतताना तयार होते. मलेशियातल्या एका बिगोनियावर ब्रिस्टल विद्यापीठात काम झालं, २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिच्या पानातल्या हरितकणांमधली पटलं थरांवर थर अशी रचलेली असतात. निळा प्रकाश ती परतवतात आणि सावलीत जो हिरवा-तांबडा प्रकाश उरतो तो जास्त पकडतात. म्हणजे जी चमक बघून लोक पैसे मोजतात, ती अंधारात जगायची सोय आहे.

भाचा : म्हणूनच मी उजेड बेताचा ठेवतो. दिवे सहा-सात तास, त्याहून जास्त नाही. हे झाड इतकं सावकाश वाढतं की उजेड जास्त झाला तर पानांवर शेवाळं आधी चढतं आणि पान मागाहून मोठं होतं. तुझं शास्त्र आणि माझी पेटी एकच गोष्ट सांगतात.

मावशी : इथवर एकच सांगतात. पुढचं बोलूया. हे पहिलं रोप आलं कुठून?

भाचा : टिश्यू कल्चरच्या डबीतून. ही बघ, डबी जपून ठेवलीय. बुसेफॅलँड्रा पिग्मिया, 'बुकित केलम'.

मावशीने डबी हातात घेतली आणि बराच वेळ नुसती फिरवून बघत राहिली. तिथून पुढचं बोलणं वाढत गेलं.

मावशी : बुकित केलम कुठे आहे ठाऊक आहे? इंडोनेशियाच्या पश्चिम कालिमंतान प्रांतात, सिंतांग गावाजवळ. सपाट मुलखातून एकदम वर उठलेला प्रचंड उघडा खडक. कापुआस नदी त्याच भागातून वाहते, इंडोनेशियातली सगळ्यात लांब नदी, ११४३ किलोमीटर. त्या खडकाच्या कड्यांवर नेपेंथिस क्लिपिआटा नावाची घटपर्णी आहे. पान ढालीसारखं गोल, घटाला धरणारा तंतू पानाच्या खालच्या बाजूला जोडलेला. १९२८ मध्ये तिला शास्त्रीय नाव मिळालं. जगात ती फक्त याच डोंगरावर होते. संग्राहकांनी ती इतकी ओरबाडली, आणि वर १९९७-९८ च्या दुष्काळात बोर्निओभर वणवे पेटले, की आज ती नामशेष होण्याच्या अगदी कडेला आहे. आणि घटपर्णीत नर झाड वेगळं, मादी वेगळी. कड्यावर इथे एक, तिथे एक अशी झाडं उरली तर बी धरणार कसं? म्हणून या डबीवरचं नाव वाचून मला आनंद होत नाही, काळजी वाटते.

भाचा : पण मावशी, या डबीतलं रोप त्या डोंगरावरून कुणी उपटून आणलेलं नाही. कधीतरी एक छोटा तुकडा प्रयोगशाळेत गेला, त्यातून हजारो रोपं झाली. जळगावची केळी आठव. बरेच शेतकरी आता बाग लावताना टिश्यू कल्चरची रोपं आणतात, रोगमुक्त आणि एकसारखी. तसंच हे. आगर नावाच्या जेलीच्या थरावर, जंतुरहित डबीत वाढलेलं. उलट अशी डबी मिळाली नसती तर लोकांनी खडकावरचंच मागितलं असतं.

मावशी : 'बुकित केलम' इतकं सहज मिळतं, मग सगळ्यांनी तेवढ्यावर समाधान मानलं का?

भाचा : म्हणजे?

मावशी : तुझ्याच ग्राहकांचं सांग. जे झाड डबीत मिळतं त्याला जास्त किंमत येते, की जे अजून कुणाकडेच नाही त्याला?

भाचा : जे कुणाकडे नाही त्याला. हे खरं आहे, नाही म्हणणार नाही. 'केडागांग', 'ब्राउनी घोस्ट', 'थिया', 'गॉडझिला', 'स्केलेटन किंग' अशी कितीतरी व्यापारी नावं आहेत. एक प्रकार स्वस्त झाला की लोक पुढच्या नावामागे जातात.

मावशी : तिथेच माझी हरकत आहे. बुसेफॅलँड्रा ही प्रजाती हाइनरिश शॉट या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये जगापुढे मांडली. पहिली जात मोटलियाना. जेम्स मोटली हा इंग्रज बोर्निओत कोळशाच्या खाणीवर इंजिनिअर होता आणि फावल्या वेळात झाडं गोळा करायचा. पुढच्याच वर्षी, १८५९ मध्ये, बंजारमासिनच्या उठावात तो मारला गेला. त्यानंतर दीडशेहून जास्त वर्षं उलटली तरी या प्रजातीत फक्त तीन जातींना नाव होतं. २०१४ मध्ये वाँग सिन येंग आणि पीटर बॉइस या दोघांनी एकाच निबंधात ती संख्या तिसापर्यंत नेली. याचा अर्थ काय होतो? ज्या काळात या झाडांचा व्यापार जोरात सुरू झाला, त्या काळात त्यातल्या बहुतेकांना शास्त्रीय नावच नव्हतं. जिला नाव नाही तिची नोंद नाही, नोंद नाही म्हणून संरक्षण नाही. आणि एकेक जात एखाद्याच ओढ्यापुरती असू शकते. एक माणूस एक पोतं घेऊन दोन दिवस त्या ओढ्यात उतरला, तर काय उरेल?

भाचा : सगळेच पोतं घेऊन उतरत नाहीत.

मावशी : मान्य. पण झाड किती सावकाश वाढतं ते तूच सांगितलंस. खडकावर हातभर पसरलेला पुंजका किती वर्षांचा असेल? सुरी घालून तो खरवडला की मुळाचा कोंबसुद्धा राहत नाही. अशा झाडांना ऱ्हिओफाइट म्हणतात, वाहत्या पाण्याच्या पट्ट्यातच जगणारी झाडं. फान स्टीनिस या डच शास्त्रज्ञाने १९८१ मध्ये जगभरच्या अशा झाडांवर आख्खं पुस्तक लिहिलं. पूर कुठवर चढतो आणि कोरड्या दिवसांत पाणी कुठवर उतरतं, त्या दोन रेषांच्या मधे त्यांचं घर. ते घर लांबीला ओढ्याएवढं असलं तरी रुंदीला काही हातच असतं.

भाचा : मग घर मोडणारा कोण ते पण बघ. बोर्निओतल्याच सारावाकमधलं बाकून धरण २०१० मध्ये पाण्याने भरायला लागलं. जवळजवळ सातशे चौरस किलोमीटर जंगल आणि त्यातले सगळे ओढे एकदम बुडाले. तू आत्ता सांगितलेल्या दोन रेषा तिथे उरल्याच नाहीत, वर साठ-सत्तर मीटर पाणी आहे. कापुआसच्या खोऱ्यात बेकायदा सोन्याच्या खाणी आहेत, पारा सरळ नदीत जातो. आणि पाम तेल! जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात करतो तो आपला देश, आणि ते येतं मुख्यतः इंडोनेशिया आणि मलेशियातून. आपल्या बिस्किटांत, फरसाणात, साबणात ते आहे. एका हौशी माणसाने दगडावर बांधलेल्या रोपाला गुन्हेगार ठरवायचं आणि त्याच खोलीत चिवड्याची बशी फिरवायची, हे मला पटत नाही.

या वाक्यावर मावशी रागावेल असं मला वाटलं होतं. ती रागावली नाही. मला विचाराल तर त्या दिवशीच्या बोलण्यात भाच्याने केलेला हा सगळ्यात वजनदार मुद्दा होता. झाडांच्या चोरीची बातमी होते, कारण तिच्यात चोर दिसतो. धरणात किंवा तेलाच्या मळ्याखाली एखादी जात संपली तर ती संपल्याचं कळायलाही कुणी तिथे नसतं.

मावशी : हे तू बरोबर बोललास. जंगल तोडणं हा मोठा घाव, ओरबाडणं हा लहान, हे मी मान्य करते. पण एक ध्यानात घे. जंगल तुटून जे चार ओढे उरतात, त्यांच्यावरच मग सगळ्या संग्राहकांची नजर जाते. लहान घाव मोठ्या घावावरच बसतो. क्लिपिआटाचं तेच झालं.

भाचा : मग उरलेल्या चार ओढ्यांतल्या झाडांची कुठेतरी दुसरी प्रत असायला नको का? माझ्या पेटीत ती आहे.

मावशी : तुझ्या पेटीत एकाच झाडाच्या हजार प्रती आहेत. टिश्यू कल्चर म्हणजे तेच झाड पुनःपुन्हा. ओढ्यात जे असतं त्यात एक झाड उन्हाला जरा टिकतं, दुसरं बुरशीला, तिसरं लवकर फुलतं. तो फरक डबीत नाही. उद्या कुणी म्हणालं की तो ओढा पुन्हा जिवंत करूया, द्या तुमची रोपं, तर तू काय देशील? आणि कोणत्या ओढ्याची म्हणून देशील? 'स्केलेटन किंग' या नावावरून नदी कळते का?

भाचा : नाही कळत. 'केडागांग'वरून थोडंफार कळतं. 'बुकित केलम'वरून तर पूर्ण कळतं. मावशी, हे मात्र तुझ्याकडूनच मला आज नीट समजलं. डबीवरचं जे नाव वाचून तुला काळजी वाटली, तेच या डबीतली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. कारण ते ठिकाणाचं नाव आहे.

मावशी : हो. ते नाव पुसू नकोस एवढंच मी सांगत होते.

इथे चहा झाला. मग भाच्याने पेट्या उघडून दाखवायला सुरुवात केली आणि बोलण्याची चाल बदलली. हे झाड वाढवायचं कसं ते ज्यांना जाणून घ्यायचं आहे, त्यांच्यासाठी हा भाग मी जरा सविस्तर देते.

भाचा : ही खालची पेटी पाण्याची नाही. तळाला बोटभर पाणी, वर खडक, वरून काचेचं झाकण. आत हवा कायम दमट. झाड पाण्याबाहेर वाढवलं की पानं टणक येतात, वाढ थोडी बरी होते आणि फुलंही जास्त येतात. पाण्याखालची पानं वेगळी असतात, जास्त पातळ, रंगाला जास्त गहिरी. म्हणून बाहेर वाढलेलं रोप पाण्यात सोडलं की बऱ्याचदा जुनी पानं विरघळल्यासारखी गळून जातात. नवखे लोक घाबरून रोप टाकून देतात. कांड घट्ट आणि हिरवं असेल तर रोप जिवंत आहे, थांबायचं. काही आठवड्यांनी त्याच कांडातून पाण्याला जुळणारं पान फुटतं.

मावशी : आणि मातीत?

भाचा : मातीत पुरायचंच नाही. कांड पुरलं की कुजतं. दगडाला किंवा लाकडाला शिवणाच्या दोऱ्याने बांधायचं, नाहीतर मुळाला थेंबभर जेलसारखा सुपरग्लू लावून चिकटवायचं. काही महिन्यांनी मुळं स्वतःच दगड धरतात, मग दोरा कापला तरी चालतो. डबीतलं रोप असेल तर आधी आगर पूर्ण धुवायचं, थोडंही राहिलं तर बुरशी येते. आणि त्याला एकदम मोकळ्या हवेत ठेवायचं नाही. झाकण रोज थोडं थोडं जास्त उघडत न्यायचं. फुटवा काढताना धारदार ब्लेडने कांडाचा असा तुकडा कापायचा की त्यावर तीन-चार पानं आणि थोडी मुळं येतील.

मावशी : पाणी कुठलं वापरतोस?

भाचा : पुण्याचं नळाचं, एक दिवस उघडं ठेवून, क्लोरीन उडाल्यावर. खडकवासल्याचं पाणी मऊ आहे. मुंबईतही तेच, तानसा-भातसाचं पाणी मऊ. सह्याद्रीच्या पावसाचं धरणात साठलेलं पाणी या झाडाला चालतं. मराठवाड्यातून फोन येतात, की बोअरचं पाणी आहे, झाडाच्या पानांवर पांढरा थर बसतो. त्यांना मी सांगतो, त्यात गाळलेलं आरओचं पाणी मिसळा किंवा पावसाचं साठवा. खरी अडचण उन्हाळ्याची. बावीस ते सव्वीस अंश त्याला मानवतं. एप्रिल-मेमध्ये पेटीतलं पाणी तिशीच्या वर जातं. पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. तेवढ्यावर निभावतं. आपल्या पावसाळ्यात मात्र हे झाड अगदी खूश असतं, झाकण उघडं ठेवलं तरी चालतं.

मावशी : हे फूल? पांढरी पाकळी गळालीय.

भाचा : ती गळणारच, तीन-चार वेळा बघितलं मी. फुलोऱ्याभोवतीचं जे आवरण असतं, त्याचा वरचा भाग फुलण्याच्या सुमारास निखळून पडतो. खालचा भाग राहतो, वाटीसारखा. बी तयार झालं की त्या वाटीत पाण्याचा थेंब पडला पाहिजे. थेंब आदळला की बिया उडून बाहेर पडतात. मी ड्रॉपरने थेंब टाकून बघितलं, शेजारच्या दगडापर्यंत गेल्या.

मावशीचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा होता. वर्गात आणि रानात आयुष्य गेलेल्या माणसाला असं रोज डोळ्यांसमोर ठेवून झाड बघायला मिळत नाही. ती म्हणाली ते मला फार आवडलं.

मावशी : हे मी तुझ्याकडून शिकले. रानात आम्ही एका ओढ्याशी एक तास असतो, जळू बसली की पाय उचलतो. फूल त्या तासात उघडेल असं नाही. अळवाच्या कुळातल्या झाडाला ओळखायचं तर फूलच लागतं, पानावरून छातीठोक सांगता येत नाही. पेटीत वाढलेलं झाड फुलतं आणि कुणीतरी जागं राहून ते बघतं, याची किंमत मी कमी लेखणार नाही. तारीख लिहितोस का?

भाचा : फोटोवर तारीख असतेच.

मावशी : फोटोवर भागत नाही. वहीत लिही. रोप कुठून आलं, कोणत्या नावाने आलं, कधी फुललं, बी धरलं का. पुढे कुणाला लागलं तर ते कागदावर हवं.

भाचा : लिहीन. आता माझी एक मागणी. तुझ्या सिंधुदुर्गातल्या ओढ्यात क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा आहे ना? लांब अरुंद पानांची. आपल्या कोकणाबाहेर ती कुठे नाही. मत्स्यालयात क्रिप्टोकोरिन जगभर लावतात, श्रीलंकेच्या, मलेशियाच्या, बोर्निओच्या. मराठी माणसाच्या पेटीत आपल्या मातीतली एक जात असावी असं मला फार वाटतं. एक कांड दे. मी वाढवून दाखवतो.

मावशी : देणार नाही.

भाचा : का? तुझा माझ्यावर विश्वास नाही?

मावशी : तुझ्यावर आहे. तुझ्याकडून रोप घेणाऱ्या दहाव्या माणसावर नाही. आज तू 'कोकणातली दुर्मीळ क्रिप्ट' म्हणून एक रोप विकलंस की उद्या कुणीतरी गाडी घेऊन त्या ओढ्यावर येईल. त्याला तुझ्या डबीची वाट बघायची नसेल. आणि कायदाही आहे, २००२ चा जैवविविधता कायदा. व्यापारासाठी रानातून असं काही घ्यायचं तर राज्याच्या जैवविविधता मंडळाला आधी कळवावं लागतं. गावागावात जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत, लोक जैवविविधता नोंदवही आहे. ओढा ज्या गावाचा, त्या गावाला विचारलं पाहिजे. केलमच्या पायथ्याच्या माणसांना कुणी विचारलं होतं का? मग तीच गोष्ट आपल्या गावाशी कशी करशील?

भाचा : आणि उद्या तिथे रस्ता रुंद झाला, ओढ्याला सिमेंटचा काठ बांधला, तर? समितीच्या वहीत नाव राहील आणि झाड जाईल. तेव्हा तुला वाटणार नाही का, की एक कांड त्या पोराला दिलं असतं तर बरं झालं असतं?

मावशीला याचं उत्तर लगेच देता आलं नाही, आधी ती शॉटबद्दल बोलू लागली. शॉटनेच कोकणातल्या या झाडाला १८५७ मध्ये नाव दिलं, बुसेफॅलँड्राच्या आदल्या वर्षी. तो व्हिएन्नात शोनब्रुनच्या राजबागेचा संचालक होता. कोकण त्याने पाहिलं नाही आणि बोर्निओही नाही. कुणीतरी वाळवून पाठवलेल्या झाडांवरून त्याने दोन्ही ओळखली. ज्याच्या हातून दोघांना नाव मिळालं, त्याला दोघांचीही पाणथळ जागा बघता आली नाही, आणि तरी ती नावं आजवर टिकली. मावशीने भाच्याला हे सांगितलं आणि मग उत्तर दिलं.

मावशी : वाटेल. फार वाटेल. म्हणून एक करूया. विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाशी मी बोलते. परवानगी घेऊन, एकाच झाडाचं कांड न घेता, जमलं तर वेगवेगळ्या झाडांचं थोडं बी घेऊन, विभागाच्या बागेत आधी लावू. ओढा, तारीख, कुणी गोळा केलं, सगळं नोंदवू. त्यांची बाग भरली आणि त्यांना वाढवणारा हात कमी पडला, तर तुझ्या पेट्या आहेत. पण त्यातलं एकही पान विकायचं नाही.

भाचा : विकणार नाही. आणि नावाच्या पाटीवर ओढ्याचं नाव लिहायचं की नाही? लिहिलं तर चोराला पत्ता, नाही लिहिलं तर तू रागावतेस.

मावशी : वहीत पूर्ण पत्ता. पाटीवर फक्त जिल्हा.

भाचा : ठीक. आणखी एक सांगून ठेवतो, कारण तूच नंतर विचारशील. पेटीतला जास्तीचा पाला मी कधी नाल्यात टाकत नाही. उकळत्या पाण्यात घालतो, मग कुंडीत.

मावशी : शाबास. श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन बेकेट्टी अमेरिकेत टेक्सासच्या सॅन मार्कोस नदीत कुणाच्या तरी मत्स्यालयातून गेली आणि इतकी माजली की तिथल्या दुर्मीळ रानभातावर संकट आलं. माणसं बसवून ती उपसून काढावी लागली. आणि लांब कशाला जायचं, आपल्या मुळा-मुठेत, पंचगंगेत, उजनीत जलपर्णी आहेच. तीही दक्षिण अमेरिकेहून फुलांसाठीच आली होती.

दोघांचं बोलणं इथे थांबलं, वाद मिटला असं मात्र नाही. मावशीला अजूनही वाटतं की झाड बघायचं तर ओढ्यावर जाऊन बघावं. भाच्याला वाटतं की ओढ्यापर्यंत जाणारे थोडेच, आणि ज्यांनी पेटीत झाड वाढवलं तेच एक दिवस ओढ्यासाठी भांडायला उभे राहतील. मी त्याच्या पेट्या रोज बघते आणि तिच्याबरोबर ओहोळांतही गेले आहे, म्हणून माझा कौल देते. काळ्या पानांचं हे झाड घरी वाढवावं. त्यात बघण्यासारखं आणि शिकण्यासारखं खूप आहे. पण रानातून ओरबाडलेलं कधीच घेऊ नये, मग ते कितीही दुर्मीळ असो, कितीही स्वस्त असो. जिथे वाढवलेलं आणि ओरबाडलेलं यांतला फरक कळत नाही, तिथे घेऊच नये.

फरक ओळखणं बहुतेक वेळा अवघड नसतं. प्रयोगशाळेतलं रोप लहान, स्वच्छ, एकसारखं आणि बंद डबीत असतं. पेटीत वाढवलेल्या रोपाची पानं निरोगी असतात आणि विकणारा त्याच्या आईझाडाचा फोटो दाखवू शकतो. रानातून खरवडलेल्याची ओळख वेगळी. जाड, जुनं कांड मधेच तुटलेलं असतं, मुळांना खडकाचे कण आणि रानटी शेवाळं चिकटलेलं, पानांवर किड्यांनी पाडलेली भोकं, आणि विकणारा 'नुकताच माल आलाय' म्हणतो. परदेशातून आलेल्या रोपाला भारतात यायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. तेही मागा. ज्याच्याकडे ते आहे तो दाखवायला लाजत नाही.

आणि वाचणाऱ्यांतल्या प्रत्येक हौशी माणसाला एक विनंती. रोप घेताना त्याचं गाव विचारा, पाटीवर लिहून ठेवा, आणि फुटवा दुसऱ्याला देताना ती पाटीही द्या. ज्याला गाव सांगता येत नसेल अशा विक्रेत्याकडून घेऊ नका.